पाणथळीतले पक्षी आणि कॅमेरा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उजनी धरणाचे पाणी उतरू लागले की भिगवणच्या वाटेवर कॅमेरेवाल्यांची वर्दळ सुरू होते. त्यासोबत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचीही. या वेळी मुख्यतः भिगवण, नांदूर मधमेश्वर, ठाणे खाडी आणि गोवा या चार ठिकाणांबद्दलचे प्रश्न निवडले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: फेब्रुवारीत भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे पुष्कळ फोटो काढले. डोळ्यांना गुलाबी दिसणारे पक्षी फोटोत मात्र पांढरेफटक आलेत. कॅमेरा ऑटोवर होता. रंग कसा आणायचा? (वाचक, बार्शी)

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत.

पहिली गोष्ट पक्ष्याची. भिगवणला येतो तो प्रामुख्याने मोठा रोहित. त्याचे अंग मुळातच पांढरे, त्यावर फिकी गुलाबी झाक. गडद किरमिजी रंग असतो पंखांच्या वरच्या पिसांत आणि उडायची लांब पिसे असतात काळी. पंख मिटले की हे दोन्ही रंग जवळजवळ झाकले जातात. पिल्ले तर पहिली दोन-तीन वर्षे राखाडी-तपकिरीच असतात, त्यामुळे थव्यात तरुण पक्षी जास्त असतील तर गुलाबी रंग शोधूनही सापडणार नाही. अंगभर गुलाबी हवा असेल तर ठाणे खाडीतला छोटा रोहित पाहा, तो अधिक गडद असतो आणि त्याची चोचही काळपट लाल दिसते.

दुसरी गोष्ट एक्स्पोजरची, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो त्याची. ऑटो मोडमध्ये कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. मागे गडद पाणी आणि मध्ये उजळ पक्षी असला की सरासरी गडद निघते, कॅमेरा उजेड वाढवतो आणि फिका गुलाबी जळून पांढरा होतो. गुलाबी रंगात लाल घटक सगळ्यात जास्त, म्हणून तो सर्वांत आधी कमाल पातळीला धडकतो. इथे एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख) फसवतो. तो नीट दिसत असतानाही लाल रंगाचा वेगळा आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला असू शकतो. कॅमेऱ्याच्या मेनूत तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे दाखवायची सोय असते, ती चालू करा.

आमचा सल्ला सरळ मॅन्युअल मोडचा. पक्ष्यावर पडणारे ऊन तेच असते, मग तो गडद पाण्यासमोर असो की फिक्या आकाशासमोर. थवा पाण्यावरून उठून आकाशात गेला की ऑटो एक्स्पोजर मधेच दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) बदलते आणि नेमका उडतानाचा क्षण काळा पडतो. मॅन्युअलमध्ये हा घोळ होत नाही. सुरुवात अशी करा: निरभ्र सकाळी साडेआठच्या सुमारास, सूर्य पाठीशी असताना, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ (लेन्सचे छिद्र) ६.३, शटर १/२००० सेकंद. सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात आयएसओ ८०० ते १६००, शटर १/१०००. एक फोटो काढा, लाल आलेख पाहा आणि तो उजव्या भिंतीपासून थोडा अलीकडे थांबेल इतके शटर वाढवा किंवा कमी करा. उन्हाची तिरीप बदलते तशी दर पंधरा-वीस मिनिटांनी ही तपासणी करावी लागते. मॅन्युअल नकोच असेल तर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) गडद पाण्यासमोर उजळ पक्ष्यासाठी एक्स्पोजर उणे १ आणि फिक्या आकाशासमोरच्या पक्ष्यासाठी अधिक १ ते १.५ ठेवा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची जुळवणी, 'डेलाइट'वर ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्स सकाळच्या उन्हातला सोनेरी-तांबूसपणा दोष समजून काढून टाकतो आणि रोहितचा रंग आणखी फिका होतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढत असाल तर हे नंतर बदलता येते, जळलेला लाल मात्र परत येत नाही.

उरला पंखांतला किरमिजी. त्यासाठी थवा उडवायची काहीच गरज नाही. चरून झाल्यावर, अंग साफ करताना आणि विश्रांतीआधी रोहित एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागे ताणतात, कधी दोन्ही पंख उघडून क्षणभर उभे राहतात. एकाने ताणले की आसपासचे आणखी काही ताणतात. तुकडीतल्या कडेच्या चार-पाच पक्ष्यांवर फोकस धरून थांबलात की हा क्षण मिळतो.

प्रश्न: माझी ६०० मिमीची लेन्स सकाळी सुरेख काम करते. दहानंतर मात्र शटर १/३२०० असूनही एकही फोटो धारदार येत नाही. दुकानदार म्हणतो लेन्स तपासून घ्या. (वाचिका, कोथरूड, पुणे)

सकाळी काम करणारी लेन्स दहा वाजता बिघडत नाही. हा तापलेल्या हवेचा परिणाम आहे. ऊन चढले की चिखल, कोरडी गाळपेर जमीन आणि काठावरचे खडक तापतात, त्यांच्यावरची हवा तापून वर उठते आणि थंड हवेत मिसळते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो, त्यामुळे पक्ष्याच्या कडा हलत राहतात. शटर कितीही वेगवान केले तरी त्या क्षणी वाकलेला प्रकाशच टिपला जातो. म्हणून असे फोटो हललेले दिसत नाहीत, पिसे विरघळल्यासारखी आणि डोळा अंडाकृती झाल्यासारखा दिसतो. ऑटोफोकसही गोंधळतो, कारण त्याला स्थिर कडच सापडत नाही.

खात्री करायची सोपी पद्धत: व्ह्यूफाइंडरमध्ये दूरच्या पाण्यातल्या काठीची किंवा खांबाची कड मोठी करून पाहा. ती लहरताना दिसली की कॅमेरा खाली ठेवायला हरकत नाही. मग दहा-पंधरा मीटरवरच्या वस्तूचा फोटो काढा. तो धारदार आला तर लेन्स निर्दोष आहे.

उपाय एकच नाही, पण क्रम ठरलेला आहे. अंतर कमी करणे सर्वांत उपयोगी, कारण त्रास मधल्या हवेच्या थरामुळे होतो. दीडशे मीटरवर जे अशक्य ते तीस मीटरवर निभावते. महागडी लांब लेन्स इथे काही करू शकत नाही, उलट तिच्यात लहरी अधिक मोठ्या दिसतात. दुसरे, कोरड्या चिखलावरून किंवा डांबरी रस्त्यावरून फोटो घेण्यापेक्षा पाण्यावरून घ्या, पाणी हळू तापते. ढगाळ दिवस असेल तर दुपारही चालते. तिसरे, एकाच स्थिर पक्ष्याचे वीस-तीस फोटो सलग घ्या. हवा क्षणभर स्थिरावते तेव्हा एखादा नीट येतो.

गाडीतून फोटो काढणाऱ्यांसाठी एक वेगळी खबरदारी. एसी किंवा हीटर चालू असलेल्या गाडीच्या खिडकीतून लेन्स बाहेर काढली की आतल्या-बाहेरच्या हवेचे मिश्रण नेमके लेन्ससमोर होते. इंजिन बंद, काचा उघड्या आणि दहा-पंधरा मिनिटे थांबणे, एवढे पुरते. एसीत थंड झालेल्या लेन्सच्या लांब हुडमध्येही अशी हवा अडकून राहते. तिथे लेन्स बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत हुड काढून ठेवला तर फरक दिसतो.

थंडीत पहाटे उलटा प्रकार घडतो. पाणी हवेपेक्षा गरम असते, त्यावर धुके आणि सूक्ष्म लहरी दोन्ही असतात. धुक्यातले छायाचित्र म्हणून ते सुंदर येईल, पण पिसांचा बारकावा त्या वेळी मागू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारकाव्यासाठी कामाचा वेळ साधारण साडेसात ते साडेनऊ, आणि मग संध्याकाळी पाचनंतर.

प्रश्न: होडीत ट्रायपॉड न्यावा का? आणि नावाड्याला नेमके काय सांगायचे? (वाचक, सातारा)

ट्रायपॉड नेऊ नका. होडीच्या तळाची कंपने पायांतून थेट कॅमेऱ्यात चढतात आणि अरुंद होडीत तो सगळ्यांनाच अडतो. हातात धरा, कोपरे गुडघ्यांवर टेका. नाहीतर काठावर बीनबॅग ठेवा. बीनबॅग घरी करता येते: जुन्या जीनच्या पायाचा हातभर तुकडा, दोन्ही तोंडे दुहेरी शिवून, आत दोन-अडीच किलो भरण. काठावर बसणार असाल तर तांदूळ चालतो. होडीत तो भिजून फुगतो आणि आंबतो, तिथे प्लास्टिकचे दाणे भरा. मात्र इंजिन चालू असताना बीनबॅगही उपयोगाची नाही, तेव्हा लेन्स हातातच हवी. स्टॅबिलायझेशनमध्ये (हादरे कमी करणारी सोय) वाहनाच्या कंपनांसाठी वेगळा मोड असेल तर तो लावा, नसेल तर शटर १/२०००च्या खाली आणू नका.

आता जागेचा विचार, आणि आमच्या मते हाच अर्धा फोटो असतो. दोन दिशा पाहायच्या: ऊन आणि वारा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात. सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर उठणारा आणि उतरणारा पक्षी तुमच्या दिशेने, उजळलेल्या चेहऱ्याने येतो. हिवाळ्यात सकाळी पूर्वेचा वारा असला की ही जुळणी आपोआप होते. पश्चिमेचा वारा असेल तर सकाळी सगळे पक्षी पाठ फिरवून उडताना मिळतील. अशा दिवशी उडणाऱ्या पक्ष्यांचा नाद सोडून चरणारे पक्षी आणि प्रतिबिंबे टिपा, उडते फोटो संध्याकाळसाठी ठेवा.

नावाड्याशी निघण्यापूर्वीच बोला. कुंभारगाव-डिकसळ परिसरातल्या नावाड्यांपैकी बरेच जण मुळात मासेमारी करणारे, पाण्याची खोली आणि पक्ष्यांच्या सवयी त्यांना आपल्याहून नीट माहीत असतात. 'दादा, सूर्य पाठीमागे राहील असं न्या, शंभर मीटरवर इंजिन बंद करा, पुढे बांबूनेच जाऊ, आणि पक्षी उडवायचे नाहीत' एवढे स्पष्ट सांगितले की पुरे. थव्याकडे नाक करून सरळ जायचे नाही. तिरके जायचे, मधे थांबायचे, पुन्हा थोडे सरकायचे.

थांबायचे कधी हे रोहितच सांगतात. चरताना त्यांची मान खाली आणि चोच पाण्यात उलटी असते. कडेचे काही पक्षी मान उंच करून तुमच्याकडे पाहू लागले की जागीच थांबा. सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि थवा एकाच दिशेने चालू लागला म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात, थोडे मागे व्हा. याच्या पुढची पायरी म्हणजे पाण्यावरची धाव आणि उड्डाण. एवढा मोठा पक्षी पाण्यावर बराच धावून मग हवेत उठतो, त्यात त्याची खूप ताकद खर्च होते, आणि एकाच सकाळी दहा होड्यांनी दहा वेळा उठवले तर त्याने चरायचे कधी? उडते फोटो हवे असतील तर थवा स्वतःहून जागा बदलेपर्यंत थांबा. पक्षी उडवून द्या म्हणून नावाड्याला जादा पैसे देणारे आमचे वाचक नसावेत, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

प्रश्न: नांदूर मधमेश्वरला जांभळी पाणकोंबडी समोर असूनही फोकस दरवेळी पुढच्या गवतावर जातो. मनोऱ्यावरून काढलेले फोटोही सपाट वाटतात. आणि डिसेंबरात लांब शेपटीचा कमळपक्षी का दिसत नाही? (वाचक, निफाड)

फोकसचा दोष सेटिंगचा आहे. पूर्ण चौकटीत पक्षी शोधणारा मोड मोकळ्या पाण्यावर आणि आकाशात उत्तम. लव्हाळे आणि पाणकणसांत तो सर्वांत जवळची ठळक कड पकडतो, आणि ती गवताची असते. तिथे एकच लहान फोकस बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या: एकदा डोळा धारदार झाला की अंगठा उचला, मग मधे पाते हलले तरी फोकस सुटत नाही. पक्षी चालू लागला की पुन्हा अंगठा दाबा. लेन्सवर अंतर मर्यादित करणारा स्विच असेल तर जवळचा टप्पा बंद करा, फोकस मागेपुढे भटकायचा थांबतो. फोकस पूर्णच हरवला तर हाताने रिंग फिरवून पक्ष्याच्या जवळपास आणा आणि मग बटण दाबा. कॅमेऱ्याला एवढी मदत लागते.

ही पाणकोंबडी गडद निळी-जांभळी, म्हणून तिला रोहितच्या उलट वागणूक: एक्स्पोजर अधिक ०.३ ते ०.७. पण कपाळावरची आणि चोचीची लाल ढाल उन्हात चटकन जळते, तेव्हा इथेही लाल आलेख पाहून थांबा. तिच्या पिसांचा निळा-जांभळा उन्हाच्या कोनाप्रमाणे पालटतो. ऊन समोरून पडले तर मोरपंखी छटा दिसतात, मागून पडले तर ती काळी कोंबडीच वाटते.

सपाटपणा मनोऱ्यामुळे. उंचावरून खाली पाहिले की पक्ष्याच्या मागे लगेचच पाणी किंवा गवत येते आणि तेही जवळपास फोकसमध्ये असते. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणली की मागची पार्श्वभूमी पन्नास-शंभर मीटर दूर जाते आणि मऊ होते. चापडगावचे मनोरे पक्षी कुठे आहेत हे पाहायला, मोजायला आणि ओळखायला उत्तम. फोटोसाठी खाली या आणि जिथे जायला परवानगी आहे अशा काठावर, झुडपाच्या आडोशाला बसा. तिथले मार्गदर्शक बसायची ठिकाणे दाखवतात. पाणकोंबड्या, कमळपक्षी आणि वारकरी अर्ध्या तासात तुमची दखल घेणे सोडून देतात. चालत राहिलात तर मात्र ते दिवसभर पुढे सरकत राहतील.

लांब शेपटीच्या कमळपक्ष्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. ती लांब शेपटी आणि सोनेरी मान विणीच्या दिवसांतली, म्हणजे पावसाळ्यातली. डिसेंबरात तो शेपटीविना तपकिरी-पांढरा दिसतो, म्हणून ओळखला जात नाही.

प्रश्न: खंड्याचा निळा रंग सावलीत मळकट येतो. आणि पाण्यात सूर मारताना पकडायचा कसा? (वाचक, कोल्हापूर)

खंड्या आणि नीलकंठ यांच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून निळा प्रकाश परावर्तित होतो, म्हणून प्रकाश कमी किंवा चुकीच्या कोनातून आला की रंगही उतरतो. पाठीशी सूर्य आणि पक्ष्याची पाठ थोडी तुमच्याकडे वळलेली, ही जागा मिळाली की छोट्या खंड्याच्या पाठीवरचा झगझगीत पट्टा आपोआप येतो. सावलीत असेल तर एक्स्पोजर अधिक ०.७ करून पाहा. आकाशाच्या परावर्तित प्रकाशाने पोटाची नारिंगी थंड पडते, तिला रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स थोडा उबदार करून सावरा.

सूर मारताना छोटा खंड्या टिपणे अवघड असते, सुरुवात त्याच्यापासून करू नका. कवड्या खंड्या निवडा. तो रंगीत नाही, काळा-पांढराच आहे, पण सरावासाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. तो पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि तोंड वाऱ्याकडे असते. म्हणजे वारा पाठीशी घेऊन उभे राहिलात की चेहरा तुमच्याकडेच. शटर १/३२००, सलग फोकस, सेकंदाला दहा किंवा जास्त फोटो. घिरट्या संपून शरीर कलले की बटण दाबून धरा आणि लेन्स त्याच्याबरोबर सरळ खाली न्या. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरचे वाचन हळू असलेल्या कॅमेऱ्यांत वेगवान पंख वाकडे येतात. तसे दिसले तर मेकॅनिकल शटरवर जा.

छोट्या खंड्यासाठी आधी त्याची नेहमीची फांदी शोधा. तिच्याखाली पांढरी विष्ठा साचलेली दिसते. सूर मारून मासा मिळाला की तो बहुधा त्याच किंवा शेजारच्या फांदीवर परततो, मासा आपटतो, मग गिळतो. सूर हुकला तरी हा परतीचा क्षण मिळतो, आणि आम्हाला तोच अधिक आवडतो. फांदीखाली मासे भरलेले टब ठेवून फोटो काढायची पद्धत काही ठिकाणी रूढ झाली आहे. ते आम्ही सुचवत नाही. नदीकाठच्या मातीत बिळे दिसली तर तिथून लांब बसा, ते त्याचे घर असते.

प्रश्न: गोव्यात चोडणला आणि करमळीच्या तळ्यावर फोटो काढते. हॉटेलातून बाहेर पडले की लेन्स धुरकट होते. शिवाय जुन्या लेन्समध्ये बुरशी सापडली. (वाचिका, डोंबिवली)

किनाऱ्यावरच्या हवेत इतकी वाफ असते की एसीने वीस-बावीस अंशांवर आणलेली काच बाहेर येताच तिच्यावर पाणी साठते. पुसून उपयोग नाही, ते पुन्हा येते आणि पुसताना काचेवर ओरखडे पडतात. आदल्या रात्री कॅमेरा बॅग एसीच्या झोतापासून दूर, शक्यतो एसी नसलेल्या जागेत ठेवा. ते जमत नसेल तर खोलीतच कॅमेरा-लेन्स झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर तीस ते पंचेचाळीस मिनिटे पिशवी उघडू नका. पाणी पिशवीवर साठेल, काचेवर नाही. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत हा वेळ सहज निघतो. या काळात लेन्स बदलू नका, दव सेन्सरवर बसते.

खाजणातून, खारफुटीतून होडीने आल्यावर कॅमेऱ्यावर मिठाचा थर असतो. कोरड्या फडक्याने घासाल तर मीठच काचेवर फिरेल. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरचा भाग पुसा आणि मग कोरडे फडके. पुढच्या काचेसाठी लेन्सचे वेगळे फडके ठेवा.

बुरशी दमट, अंधाऱ्या आणि हवा न खेळणाऱ्या जागी वाढते. आर्द्रता सतत ६५ टक्क्यांवर राहिली की धोका सुरू होतो. ४० ते ५० टक्के राखा. ३०च्या खाली नेऊ नका, रबर आणि आतले वंगण सुकते. ड्राय कॅबिनेट (आर्द्रता राखणारे कपाट) घेता आले तर उत्तम. नाहीतर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा पंधरा-वीस लिटरचा डबा, आत पाव किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेल नारिंगीचे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा कामाला येते. निळे जेल मिळते त्यात कोबाल्टचे संयुग असते, घरात लहान मुले असतील तर ते टाळा. चामडी केस आणि कपाटातली मऊ पाउच या दोन्ही जागा पावसाळ्यात सर्वांत वाईट. बुरशी लागलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि लवकर साफ करून घ्या. उशीर झाला तर बुरशी काचेवरचा थर खाते आणि मग साफ करूनही डाग राहतात.

प्रश्न: ४०० मिमी पुरते का? की मोठ्या झूमचा छोटा कॅमेरा घ्यावा? (अनेक वाचक)

हिशेब करून पाहा. सेन्सरवरची प्रतिमा मिलिमीटरमध्ये म्हणजे फोकल लेंथ गुणिले पक्ष्याची उंची मीटरमध्ये, भागिले अंतर मीटरमध्ये. रोहित साधारण १.३ मीटर उंच. ६० मीटरवर ४०० मिमीने ८.७ मिमीची प्रतिमा मिळते. क्रॉप सेन्सरची (पूर्ण आकारापेक्षा लहान सेन्सर) उंची सुमारे १५.६ मिमी, म्हणजे अर्ध्याहून जास्त चौकट भरली. २४ मेगापिक्सेलमध्ये पक्षी सुमारे २,२०० पिक्सेल उंच, सात इंची छपाईला पुरेसा. तोच १५० मीटरवर ३.५ मिमी आणि जेमतेम ९०० पिक्सेल. छोटा खंड्या १७ सेंटिमीटरचा, आठ मीटरवर ८.५ मिमी.

तेव्हा रोहित आणि चित्रबलाकासाठी ४०० पुरते, खंड्यासाठी जवळ बसायची तयारी हवी. १५०-६०० प्रकारच्या झूम लेन्सा भिगवणच्या होडीत सर्वांत सोयीच्या, कारण थवा आणि एकटा पक्षी दोन्ही एकाच लेन्सने होतात. विकत घेण्याआधी पुण्या-मुंबईत दोन दिवस भाड्याने घेऊन वजन हाताला झेपते का पाहा. निकॉन पी९५० सारखा २,००० मिमीइतकी पोच असलेला कॅमेरा भर उन्हात बसलेल्या पक्ष्याला चांगला. त्याचा सेन्सर नखाएवढा असल्याने संध्याकाळी आणि उडत्या पक्ष्याला तो हात टेकतो, आणि दूरच्या पक्ष्यावर झूम लावली तर तापलेल्या हवेचा वर सांगितलेला त्रास त्यालाही चुकत नाही.

प्रश्न: ठाणे खाडीतले छोटे रोहित कधी जवळ येतात? (वाचक, मुलुंड)

घड्याळ नंतर, तिथी आधी. कोळी बांधवांचा जुना हिशेब अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. नेमक्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचा तक्ता घ्या. खाडीच्या आत पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडे उशिरा चढते.

पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी दूर विखुरतात. भरती चढू लागली की चिखलाची पट्टी आक्रसते आणि थवे काठाकडे ढकलले जातात. काठावरून फोटोसाठी ही वेळ सर्वोत्तम. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या होड्यांची वेळही भरतीवरच ठरते, म्हणून ती रोज बदलते, आधी चौकशी करून जा. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की बरेच पक्षी नेरुळ-सीवूड्सकडच्या तलावांत विसावतात. पाणी उतरू लागले की तिथून परत खाडीकडे उडतात, आणि उडत्या रांगा टिपायला हीच वेळ. उधाणाच्या दिवसांत (पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास) हे सगळे झपाट्याने घडते. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) पाणी फारसे चढत नाही आणि पक्षी दूरच राहतात. भरती सकाळी आठ-नऊच्या दरम्यान येणारा दिवस निवडा, मग ऊनही मऊ मिळते.

प्रश्न: भादलवाडी तलावावर चित्रबलाकांची घरटी जवळून टिपायची आहेत. किती जवळ जावे? (वाचक, इंदापूर)

काठावरून जेवढे मिळेल तेवढेच. उन्हाळ्यात मोठे पक्षी पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात. तुमच्यामुळे ते उडाले तर उघड्या घरट्यातली पिल्ले कडक उन्हात तापतात आणि कावळे-घारी टपलेलेच असतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे शिकारीच्या व्याख्येत येते, हेही लक्षात असू द्या. पिल्लांना भरवायला ये-जा करणारे पक्षी काठावरूनही उत्तम मिळतात: शटर १/२०००, वाऱ्याची दिशा पाहून उभे राहा. विणीच्या काळात पाठीवरची गुलाबी पिसे आणि चेहऱ्याची नारिंगी कातडी खूप खुलते. ड्रोन अजिबात नको.

प्रश्न: संगणकावर रंग किती वाढवावा? (वाचक, नागपूर)

एकूण सॅच्युरेशनला हात लावू नका, त्याने पाणी आणि गवतही भडक होते. आधी हायलाइट्स खाली आणा, उणे ३० ते ५०. रोहितच्या अंगावरची गुलाबी झाक बहुतेक वेळा एवढ्यानेच दिसू लागते. मग लाल आणि किरमिजी या दोनच रंगांची चमक थोडी कमी करा, रंग भरल्यासारखा वाटतो. तरीही गरज भासली तर फक्त पक्ष्यापुरती निवड (मास्क) करून व्हायब्रन्स (फिक्या रंगांना उठाव देणारी पट्टी) अधिक १० ते १५. तपासायला चोचीचे टोक आणि उडायची पिसे पाहा. ती काळीच राहिली पाहिजेत, त्यांत तांबडी झाक आली की मागे फिरा. वेबसाठी निर्यात करताना रंगक्षेत्र एसआरजीबी ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबीत ठेवलेली फाइल पुष्कळ फोनवर फिकी दिसते.